उतरवत का नाहीत?

११ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या बोइंग ७३७ विमानाच्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेत उड्डाणानंतर लगेच बिघाड झाला आणि पुढचे दोन-अडीच तास ते तिथल्याच आकाशात घिरट्या घालत राहिलं. आत १४१ प्रवासी होते. टीव्हीवर लाल पट्ट्या धावत होत्या, धावपट्टीजवळ रुग्णवाहिका येऊन उभ्या होत्या आणि मोबाइलच्या नकाशावर ते इवलंसं पिवळं विमान तीच तीच वेटोळी काढत होतं. आमच्या घरच्या ग्रुपवर एका काकूंनी विचारलं, "अहो, पण उतरवत का नाहीत? विमानतळ खालीच तर आहे!"

सव्वाआठच्या सुमारास विमान सुखरूप उतरलं. ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडले आणि विषय फराळाकडे वळला. काकूंना उत्तर कुणीच दिलं नाही. मला त्यांचा प्रश्न अगदी रास्त वाटतो. गाडीतून धूर यायला लागला तर आपण ती बाजूला घेतो, मग विमानाला का नको? एवढ्या उशिराने का होईना, उत्तर द्यायचा हा प्रयत्न.

सुरुवात जमिनीवरून करू. तुम्ही खिडकीशी बसला आहात, विमान धावपट्टीवर वेग घेतंय. कॉकपिटमध्ये दोघं असतात. एकाचा डोळा बाहेर, दुसऱ्याचा वेगाच्या काट्यावर. ठरलेला वेग गाठला की 'व्ही वन' असा पुकारा होतो आणि त्या क्षणी कॅप्टन इंजिनांच्या दांड्यांवरचा हात काढून घेतो. हे अगदी मुद्दाम केलं जातं. व्ही वनच्या आधी इंजिन फुटलं तर ब्रेक मारून थांबायचं. व्ही वननंतर फुटलं तर थांबायचा विचारही करायचा नाही, कारण उरलेल्या धावपट्टीत विमान थांबणार नाही, ते कुंपण तोडून पलीकडे जाईल. दचकून हात मागे ओढला जाऊ नये म्हणून हात तिथे ठेवायचाच नाही. हा वेग प्रत्येक उड्डाणाला नव्याने काढतात. विमानाचं वजन किती, बाहेर ऊन किती, वारा कुठून, धावपट्टी ओली की कोरडी, सगळं त्यात येतं.

मग एका इंजिनावर विमान चढेल का? चढेल. दोन इंजिनांच्या विमानाला परवानाच मुळी या अटीवर मिळतो की व्ही वननंतर एक इंजिन गेलं तरी उरलेल्या एकावर, भरल्या वजनानिशी, ते हवेत जाऊन सुरक्षित उंची गाठेल. मात्र ते सरळ जात नाही. बैलगाडीचा एक बैल मध्येच बसला तर गाडी जशी त्याच्या बाजूला वळते, तसं विमानाचं नाक बंद इंजिनाकडे फिरतं. डावं इंजिन गेलं तर नाक डावीकडे. ते धरून ठेवायला वैमानिकाला उजवा पाय पेडलवर दाबून ठेवावा लागतो. दाब थोडाथोडका नसतो, मांडी भरून येते म्हणतात. वैमानिक दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये जाऊन परीक्षा देतात तेव्हा हा प्रसंग त्यांच्यापुढे हमखास येतो. तिथे यंत्र हलतं, घंटा वाजतात, लाल दिवे लागतात, आणि परीक्षक मागे बसून शांतपणे टिपणं काढत असतो.

आता यातला मला सर्वांत आवडणारा भाग. इंजिन गेलंय, घंटा वाजतेय, समोर आगीचा लाल दिवा आहे. वैमानिक काय करतो? पहिल्या चारशे फुटांपर्यंत जवळजवळ काहीच नाही. घंटेचा आवाज बंद करतो, चाकं आत घेतो, नाक सरळ धरतो आणि चढत राहतो. चारशे फूट म्हणजे साधारण चाळीस मजली इमारत. तिथवर पोहोचेपर्यंत बिघाडाला हात लावायचा नाही. इंजिनाला आग लागलेली असली तरी नाही. इंजिन पंखाखाली, शरीरापासून लांब टांगलेलं असतं. काही सेकंद ते जळत राहिलं तरी चालतं, पण घाईत चुकीचं बटण दाबलं गेलेलं चालत नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या प्रवासात उगाच पोटात गोळा यायला नको. टेकऑफनंतर मिनिटभराने इंजिनांचा आवाज अचानक उतरतो आणि आपण थोडे खाली बसल्यासारखे वाटतो. तो बिघाड नव्हे. जमिनीवरून सुटायला लागलेला जोर आता नको म्हणून तो कमी केलेला असतो. शेजारच्याचा हात घट्ट धरायची गरज नाही. शेजारचा ओळखीचा असेल तर तुमची मर्जी.

वैमानिकांच्या शिक्षणात तीन शब्दांचा मंत्र असतो: एव्हिएट, नेव्हिगेट, कम्युनिकेट. आधी विमान उडव, मग कुठे जायचं ते बघ, मग बोल. ऐकताना यात काय विशेष असं वाटतं. यातली पहिली पायरी सुटली की काय होतं, हे मुंबईच्या किनाऱ्यावर घडलेलं आहे, आणि आजच्या पिढीतल्या अनेकांना ते ठाऊक नाही.

१ जानेवारी १९७८ची रात्र. सांताक्रूझहून एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' दुबईला निघालं. एअर इंडियाचं हे पहिलं जम्बो, बोइंग ७४७. आत प्रवासी आणि कर्मचारी मिळून २१३ माणसं. विमान उडालं, किनारा ओलांडून समुद्रावर आलं, उजवीकडे थोडं वळलं आणि पुन्हा सरळ झालं. विमान सरळ झालं, पण कॅप्टनच्या समोरचं कृत्रिम क्षितिज सरळ झालं नाही. हे यंत्र म्हणजे एक छोटी तबकडी. वर आकाशाचा रंग, खाली जमिनीचा, मध्ये रेघ. विमान कलंडलं की रेघ कलते. त्या रात्री कॅप्टनची रेघ 'विमान अजून उजवीकडे कललेलं आहे' असं दाखवत अडकून बसली. कॅप्टनने ते खरं मानलं आणि विमान डावीकडे कलवायला सुरुवात केली, आणखी कलवलं, आणखी. खिडकीबाहेर पाहून खरं-खोटं करावं तर समोर काळा समुद्र आणि काळं आकाश, मध्ये एकही दिवा नाही. शरीराच्या जाणिवेवर विसंबावं तर आपल्या कानातली तोल सांगणारी यंत्रणा अशा वेळी सर्रास फसवते. सहवैमानिकासमोर स्वतःचं वेगळं यंत्र होतं, मध्ये तिसरं राखीव होतं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनीअरने 'त्याच्यावर जाऊ नका' असं सांगायचा प्रयत्नही केला. तोवर विमान नव्वद अंशांहून जास्त डावीकडे कलंडून नाक खाली घालून निघालं होतं. उड्डाणानंतर १०१ सेकंदांनी, वांद्र्याच्या किनाऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर ते समुद्रात पडलं. कुणीही वाचलं नाही.

आधी लोकांना घातपाताचा संशय आला. एवढं मोठं जम्बो असं कसं पडेल? चारही इंजिनं ठणठणीत होती, पंख शाबूत होते. बिघडली होती ती एक तबकडी.

तेव्हा एव्हिएट म्हणजे नुसतं 'उडवत राहा' नव्हे. विमान या क्षणी कसं आहे, हे एकाहून जास्त यंत्रांवर ताडून पाहत राहा, असा त्याचा अर्थ आहे. आता दोन बाजूंच्या यंत्रांत फरक पडला की विमानच तशी सूचना देतं, आणि विमान फार कललं तर आवाजी इशाराही मिळतो.

नेव्हिगेट आणि कम्युनिकेट आपण झटपट उरकू. विमान हाताशी आलं की डोंगर, शहर, इतर विमानं टाळून कुठे थांबायचं ते ठरवतात आणि मग रेडिओवर बोलतात. परिस्थिती बिकट असेल तर 'मेडे' तीनदा, तेवढी नसेल तर 'पॅन-पॅन' तीनदा. ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा आकडा लावला की नियंत्रकाच्या पडद्यावर ते विमान उठून दिसायला लागतं. नियंत्रक दोन गोष्टी आवर्जून विचारतो: विमानात माणसं किती आणि इंधन किती वेळाचं. दोन्ही आकडे खाली बंब घेऊन उभ्या असलेल्यांसाठी असतात. आणि वैमानिक पुष्कळदा एवढंच उत्तर देतो: 'स्टँड बाय'. मराठीत सांगायचं तर, थांबा हो जरा. हा उद्धटपणा नाही, त्याची पहिली पायरी अजून चालू असते.

आता कॉकपिटमधली कामाची वाटणी. एक जण उडवतो. तो शक्यतो दुसरं काही करत नाही. दुसरा चेकलिस्ट वाचतो, बटणं दाबतो, रेडिओ सांभाळतो. लोकांना वाटतं, वीस वर्षं विमान उडवणाऱ्याला चेकलिस्ट कशाला लागते? आपल्याकडे पूजा सांगणाऱ्या गुरुजींना सगळं तोंडपाठ असतं, तरी पोथी समोर असते. कॉकपिटमध्ये पाठ करायला दिलेल्या गोष्टी मोजक्याच असतात. बाकीचं सगळं वाचून करायचं, मोठ्याने, ओळीवर बोट ठेवल्यासारखं. आणि इंजिन बंद करण्यासारखी परत न फिरवता येणारी गोष्ट असेल तर वाचणारा त्या दांडीवर हात ठेवतो, पण ओढत नाही. आधी विचारतो, "हेच ना?" दुसरा पाहतो आणि "हो, हेच" म्हणतो. मगच ती ओढली जाते.

'हेच ना?' या प्रश्नाची किंमत ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये कळली. लंडनच्या हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलंडच्या नव्याकोऱ्या बोइंग ७३७-४००च्या डाव्या इंजिनातल्या पंख्याचं एक पातं चढताना तुटलं. विमान थरथरलं, केबिनमध्ये जळका वास आला. दोघा वैमानिकांनी तर्क केला की धूर उजव्या इंजिनातून येतोय. ते आधी ज्या जुन्या ७३७ वर होते, त्यात केबिनची हवा मुख्यतः उजव्या इंजिनाकडून यायची अशी त्यांची समजूत होती. उजवं इंजिन बंद केलं, योगायोगाने थरथरही कमी झाली आणि तर्क बरोबर ठरला असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात धडधाकट इंजिन बंद झालं होतं आणि मोडकं चालू होतं. ईस्ट मिडलंड्स विमानतळाची धावपट्टी समोर दिसत असताना ते मोडकंही गेलं. केगवर्थ गावाजवळ विमान मोटरवेच्या भरावावर आदळलं. १२६ पैकी ४७ जण गेले.

यातली मनातून न जाणारी गोष्ट निराळीच आहे. कॅप्टनने घोषणा केली होती की उजव्या इंजिनात बिघाड होता, ते आता बंद केलं आहे. केबिनमधल्या बऱ्याच लोकांनी डाव्या इंजिनातून ठिणग्या निघताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. काहींना घोषणा ऐकून खटकलंही. पण कॅप्टनला आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं म्हणून कुणी बोललं नाही, कर्मचाऱ्यांच्याही तोंडून ते पुढे गेलं नाही. तुम्ही पंखाजवळ बसला आहात आणि जे दिसतंय ते सांगितल्यापेक्षा वेगळं आहे, तर केबिन क्रूला हाक मारा. मूर्ख ठरलात तरी हरकत नाही.

आता काकूंच्या मूळ प्रश्नाकडे. सगळं सावरलं, इंजिन बंद केलं, मग लगेच का उतरत नाहीत? याची दोन कारणं. एक वजन, दुसरं तयारी.

मोठ्या पल्ल्याला निघालेलं विमान इंधनाने तुडुंब भरलेलं असतं. बोइंग ७३७-८०० साधारण ७९ टनांपर्यंतचं वजन घेऊन उडू शकतं, पण उतरताना ते साधारण ६६ टनांच्या आत असावं लागतं. मधलं वजन वाटेत जळून जाणार हे गृहीत धरलेलं असतं. उडाल्यावर पाच मिनिटांत परत यायचं तर ते सगळं इंधन पोटात असतं. जड विमान वेगाने येतं, चाकांवर जोरात बसतं, ब्रेक तापतात आणि थांबायला जास्त जागा लागते. मोठी दूर पल्ल्याची विमानं पंखाच्या टोकांजवळून इंधन हवेत सोडून देऊ शकतात. ७३७ आणि एअरबस ए३२० यांना ती सोयच नाही. त्यांना इंधन जाळूनच हलकं व्हावं लागतं आणि हा प्रकार तासाला दोन-अडीच टन इतक्या गतीने चालतो. त्यातून हायड्रॉलिकचा बिघाड असला म्हणजे ब्रेक, फ्लॅप (पंखामागचे हलते भाग), चाकं, जे काही तेलाच्या दाबावर चालतं, त्यातलं काय किती काम करेल याचा हिशेब आलाच. आणि तिरुचिरापल्लीची धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची. म्हणजे त्या संध्याकाळी जी वेटोळी आपल्याला हतबल वाटत होती, त्यात एकेक किलो वजन उतरत होतं आणि विमान खालच्या धावपट्टीत मावण्याजोगं होत होतं.

वजन जास्त असताना उतरताच येत नाही असं मात्र नाही. उतरता येतं, त्याची चेकलिस्ट आहे, नंतर विमानाची कसून तपासणी होते. कधी वजनाचा विचार न करता खाली यायचं, हेही ठरलेलं आहे: विमानात धूर किंवा आग असेल तेव्हा. इंजिनातली आग विझवता येते, इंजिनाला जाणारं इंधन तोडून ते वेगळं पाडता येतं. केबिनच्या छतामागे किंवा तारांच्या जुडग्यात लागलेली आग दिसत नाही आणि वेळ देत नाही. २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या स्विसएअर १११ मध्ये कॉकपिटला आधी नुसता वास आला. वैमानिकांनी कॅनडातल्या हॅलिफॅक्सची वाट धरली, इंधन सोडायला वळले. पहिल्या वासापासून समुद्रात पडेपर्यंत एकवीसेक मिनिटं गेली. २२९ माणसं गेली. तपासात निघालं की ते थेट हॅलिफॅक्सला गेले असते तरी आग इतकी झपाट्याने पसरली की बहुधा पोहोचले नसते. त्यानंतर धुराच्या बाबतीतली शिकवण कडक झाली: धूर कुठून येतोय हे कळत नसेल तर आधी खाली या. म्हणून काकूंचं म्हणणं सर्वस्वी चूक नाही. बिघाड कोणता, यावर घाई ठरते.

ज्या बिघाडात घाई नसते, त्यात मिळालेला वेळ कसा खर्च करायचा याचा मला ठाऊक असलेला सर्वांत चांगला नमुना सिंगापूरचा आहे.

४ नोव्हेंबर २०१०. क्वांटासचं ए३८०, जगातलं सर्वांत मोठं प्रवासी विमान, दुमजली, सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून सिडनीला निघालं. लंडनहून आलेलं हे उड्डाण क्र. ३२. आत ४४० प्रवासी, २९ कर्मचारी. त्या दिवशी कॉकपिटमध्ये योगायोगाने पाच वैमानिक होते: कॅप्टन रिचर्ड द क्रेस्पिनी, दोन सहवैमानिक, क्रेस्पिनींची परीक्षा घ्यायला आलेला एक कॅप्टन आणि त्या परीक्षकाची परीक्षा घ्यायला आलेला दुसरा कॅप्टन. चार-पाच मिनिटांत विमान सात हजार फुटांवर पोहोचलं. खाली इंडोनेशियाचं बाटाम बेट होतं. धाड, धाड असे दोन आवाज झाले.

डावीकडचं आतलं इंजिन, म्हणजे क्रमांक दोन, फुटलं होतं. नुसतं बंद पडलं नव्हतं. आतल्या एका तेलाच्या छोट्या नळीला बनवतानाच एका बाजूने भिंत पातळ राहिली होती. ती तडकली, तेल गळलं, पेटलं आणि त्या आगीने टर्बाइनची एक जड तबकडी तिच्या आसापासून सुटली. बेफाम फिरून ती फुटली आणि तिचे तुकडे पंखातून आरपार गेले. शेकडो वायरी तुटल्या, इंधनाच्या टाक्यांना भोकं पडली, एका हायड्रॉलिक यंत्रणेचा निकाल लागला. बाटामवर इंजिनाच्या आवरणाचे तुकडे पडले. लोकांनी फोटो काढले आणि ए३८० कोसळल्याची अफवा पसरली. विमान तर वर होतं.

क्रेस्पिनींनी आधी विमान सात हजार चारशे फुटांवर सरळ धरलं. मग पॅन-पॅन दिला. मग समोरच्या पडद्यावर विमानाचा संगणक एकेक बिघाड सांगू लागला. चाळीसहून जास्त सूचना, प्रत्येकीची वेगळी चेकलिस्ट, एक पुसावी तर खालून दुसरी वर यायची. नियंत्रकाकडून थांबायला जागा मागितली. अशी, की लागलंच तर तिथून चांगीला परत येता येईल. आणि पाच जण त्या सूचनांना बसले. त्या पहिल्या फेरीलाच पन्नासेक मिनिटं लागली.

या वेळात एक सहवैमानिक केबिनमध्ये खिडकीतून पंख पाहायला गेला. प्रवाशांमध्ये क्वांटासचाच एक पायलट होता. त्याने त्याला सीटच्या पडद्याकडे बोट करून दाखवलं. ए३८० च्या शेपटीवर कॅमेरा असतो, प्रवाशांना मौज म्हणून ते चित्र पाहता येतं. त्यात डाव्या पंखामागून काहीतरी गळत असल्यासारखी रेघ दिसत होती. कॉकपिटमधल्या पाच जणांना पडद्यांवरून जे नीट उमगत नव्हतं, ते सिनेमा पाहायच्या पडद्यावर दिसत होतं.

याचा उपयोग लगेच झाला. संगणक सांगत होता, डाव्या आणि उजव्या पंखातल्या इंधनाचा तोल गेलाय, इकडचं तिकडे घ्या. चेकलिस्ट तसं म्हणत होती. पण ज्या टाक्या फुटल्या आहेत, ज्यांच्या नळ्यांची अवस्था ठाऊक नाही, त्यांच्यात चांगलं इंधन ओतायचं? त्यांनी ती सूचना वाचली, चर्चा केली आणि सोडून दिली. पोथी समोर ठेवायची म्हणजे डोकं गुंडाळून ठेवायचं असं नाही. क्रेस्पिनींनी नंतर सांगितलंय की एका टप्प्यावर त्यांनी प्रश्नच उलटा केला: काय काय बिघडलंय हे मोजणं सोडू, काय काय शिल्लक आहे ते पाहू. तेवढ्यावर हे विमान, एखादं साधं छोटं विमान असल्यासारखं, उतरवता येईल का?

मग उतरण्याचा हिशेब. इंधन सोडण्याची यंत्रणा चालत नव्हती. वजन सुमारे ४४० टन, म्हणजे उतरण्याच्या मर्यादेपेक्षा पन्नासेक टन जास्त. लॅपटॉपवर सगळे बिघाड घालून गणित मांडलं तर त्याने उत्तरच दिलं नाही. धावपट्टी ओली धरली होती. चांगीला धावपट्टी कोरडी होती. ती अट काढली, पुन्हा गणित मांडलं. उत्तर आलं: चार किलोमीटरची धावपट्टी, आणि शेवटी शंभर मीटर उरतील.

शंभर मीटर. फुटबॉलचं एक मैदान म्हणा.

उतरण्याआधी त्यांनी वरच विमान हळूहळू डावी-उजवीकडे कलवून पाहिलं, कमी वेगातही ऐकतंय का म्हणून. चाकं हायड्रॉलिकवर उतरणार नव्हती. कुलूप काढून ती स्वतःच्या वजनाने खाली पडू दिली. तिन्ही चालत्या इंजिनांपैकी बाहेरची दोन एका जागी स्थिर ठेवली आणि वेग फक्त एकाच इंजिनाने कमी-जास्त केला. उड्डाणानंतर एक तास पन्नास मिनिटांनी विमान धावपट्टीला टेकलं आणि ती संपायला दीडशे मीटर उरले असताना थांबलं. चार टायर फुटले होते.

बाहेरून पाहणाऱ्याला इथे गोष्ट संपली असं वाटेल. आतल्या लोकांसाठी इथून एक नवीन बिघाड सुरू झाला. डावीकडचे ब्रेक ९०० अंशांपर्यंत तापलेले, आणि त्यांच्या शेजारी फुटक्या टाकीतून इंधन जमिनीवर सांडत होतं. पंखाखालचं बाहेरचं डावं इंजिन, क्रमांक एक, बंद करायचं बटण दाबलं तर ते बंदच होईना. त्याच्याकडे जाणाऱ्या वायरीही कापल्या गेल्या होत्या. ते घोंघावत राहिलं.

आणि कॅप्टनपुढे तोच काकूंचा प्रश्न, जरा वेगळ्या शब्दांत: उतरवत का नाहीत? आपत्कालीन घसरगुंड्या उघडल्या की ४६९ माणसं दीड-दोन मिनिटांत बाहेर पडतील. पण ए३८० च्या वरच्या मजल्यावरून घसरगुंडी म्हणजे दोन मजली घरावरून उडी. कुणाचे पाय मोडतील, म्हातारी माणसं, कडेवरची लेकरं. आणि खाली पाय टेकतील ते इंधनाच्या तळ्यात, तापलेल्या चाकांजवळ, चालत्या इंजिनासमोर. आत बसून राहणं त्या क्षणी बाहेरपेक्षा सुरक्षित होतं. त्यांनी अग्निशमन दलाला ब्रेकवर आणि सांडलेल्या इंधनावर फोम मारायला सांगितलं, केबिन क्रूला दारांपाशी सज्ज उभं केलं आणि वाट पाहिली. पाऊणएक तासाने उजव्या बाजूचं एकच दार उघडलं, तिथे शिडी लावली. माणसं एकामागे एक, चालत, खाली उतरली. शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत आणखी तासभर गेला. कुणाला खरचटलंही नव्हतं.

क्रमांक एकचं इंजिन तेव्हाही चालूच होतं. बंबांनी त्याच्या तोंडात पाणी मारलं, फोम मारला, तरी ते फिरतच राहिलं. उतरल्यानंतर तीनेक तासांनी, फोममध्ये पार बुडाल्यावर, ते एकदाचं थांबलं.